डोळ्यांत काही घालायचे नाही

अमेरिकेला निघालेली मुले हल्ली माझ्याकडे येतात. सावद्याच्या बाजूला एक गृहस्थ आहेत, जरा विक्षिप्त आहेत, पण तिकडे राहून आलेत आणि विचारले तर सांगतात, असे त्यांना कोणी तरी सांगितलेले असते. मुले ओसरीवर बसतात आणि मी त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालत बोलतो. मला बसून बोलता येत नाही. खरे तर मला बसून फारसे काहीच करता येत नाही. हेसुद्धा मी खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानेच लिहितो आहे.

मी सांगतो ते असे. लोकरीची गाठोडी नेऊ नका. तिथे घराबाहेर बर्फ असतो आणि घरात चैत्र असतो, म्हणून एकावर एक चढवता आणि उतरवता येतील असे कपडे न्या. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहा, गाड्या आपल्या उलट बाजूने येतात. नकाशात बोटभर अंतरावर दिसणाऱ्या गावाला जायचे असले तरी शिदोरी बांधा, तो देश संपता संपत नाही. न्हाव्याच्या दुकानात शिरण्याआधी काचेतून आत डोकवा. आपल्या रंगाचे कोणी खुर्चीवर दिसले नाही तर खोलीवर जाऊन आपली आपण दाढी करा. 'कसे आहात?' असे विचारणारा माणूस उत्तरासाठी थांबत नाही, त्याच्यामागे आपली प्रकृती सांगत धावू नका. मी धावलो होतो.

एवढे सगळे झाले की मी विचारतो, "घरात कोणाच्या डोळ्यांना पाणी येते का?" मुले एकमेकांकडे पाहतात. परवा एकाने 'मी निघालो म्हणून आई सारखी रडते' असे उत्तर दिले, तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो. मी रडण्याचे विचारत नव्हतो. तो बिचारा कावराबावरा झाला आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. त्याला बोलावून सगळे सांगावे असे तेव्हापासून मनात आहे. त्याच्याऐवजी कागदाला सांगतो.

मी निघालो ते पहिल्या महायुद्धानंतर. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून बाहेर पडून घरी आलो होतो आणि कापसाच्या जातींचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला घेतले होते. खर्चाची सोय झाली होती. ती कशी झाली ते वेगळे पुराण आहे आणि मला ते सांगण्याचा कंटाळा आहे. पासपोर्ट तेवढा यायचा होता, आणि तो येत नव्हता. जळगावच्या कचेरीत मी इतक्या खेपा घातल्या की तिथला पट्टेवाला मला फाटकात पाहताच दुरूनच हात हलवून 'आज नाही' असे सांगायचा. मी तरीही आत जायचो, साहेबाच्या दाराशी उभा राहायचो आणि पट्टेवाला म्हणाला होता तेच साहेबाच्या तोंडून ऐकून परत यायचो. घरी बसून वाट पाहणे माझ्याच्याने झाले नसते.

गावात तर मला वेड लागायची पाळी आली होती. आमच्या गल्लीतल्या बहुतेकांची धाव भुसावळपर्यंत, पण अमेरिकेची माहिती सगळ्यांना होती. तिथे सहा महिने सूर्य उगवत नाही, म्हणून कंदील ने. तिथले लोक पाणी पीत नाहीत, म्हणून तांब्या ने. माझे वडील, म्हणजे नाना, केळीच्या बागेतून परत आले की रोज मला एकच प्रश्न विचारत.

"तठी बाजार कोण्या वारी भरतो रे?"

"नाना, तिथे रोज दुकाने उघडी असतात."

"रोज? मंग मानसं शेतात कवा जातात?" असे म्हणून ते हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत. मला चिडवण्यात त्यांना गोडी वाटायची. मी चिडायचोही. त्या दिवसांत कोणी 'जेव' म्हटले तरी मी चिडत होतो.

मला अजिबात सल्ला न देणारी एकच व्यक्ती घरात होती, ती अक्का. अक्का माझी थोरली बहीण. लग्नाला वर्ष होण्याच्या आत नवरा गेला, ती माहेरी परत आली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमची आई गेली. मी तेव्हा नुकता चालायला लागलो होतो. आईचा चेहरा आठवायला गेलो की मला अक्काचाच आठवतो, त्यामुळे तो नाद मी केव्हाच सोडून दिला आहे.

अक्काच्या डोळ्यांना पाणी यायचे. ते कायमचेच होते, आणि घरात चूल, बाहेर धूळ, वैशाखात आमच्याकडचे ऊन, तेव्हा त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे डोळे तसेच होते. उपाय म्हणून अक्का काजळ धरायची. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी घालायची, काजळी जमली की ती लोण्यात खलायची आणि पितळेच्या डबीत भरून ठेवायची. विधवेने काजळ कशाला घालावे असे शेजारणी बोलत, तेव्हा ती म्हणे, "नटाले नाही घालत मी, डोयाले औषध हाये." रोज तिन्हीसांजेला आधी ती स्वतःच्या डोळ्यांत बोट फिरवायची आणि मग तेच बोट माझ्या डोळ्यांतून. मी कॉलेजात गेलो तरी सुटीत घरी आलो की माझी मान धरून ती काजळ घालायचीच. पुण्याहून आलेला, फेटा सोडून टोपी घालणारा मी, डोळ्यांत काजळ घेऊन अंगणात फिरायचो. ते मला आवडायचे. आवडते असे मी कधी म्हणालो नाही, उलट कटकट करायचो, पण मान पुढे करायचो.

आणखी एक काम होते. अक्काच्या पापण्यांचे केस आत वळत. ते बुबुळावर टोचत आणि तिला डोळा उघडा ठेवणे नको होई. मग ती दारातल्या उन्हात पाटावर डोके टेकून पडे आणि मी चिमट्याने एकेक केस उपटे. लहानपणापासून हे काम माझे होते, कारण घरात माझी नजर सगळ्यांत तीक्ष्ण. एरवी मी दोन घटका एका जागी ठरत नसे. शाळेत मास्तर मला बाकाला बांधून ठेवण्याची भाषा करत. अक्काच्या डोळ्यांवर वाकलो की मात्र मी थांबायचो. श्वाससुद्धा हळू घ्यायचो. "हालू नको, बापा," ती पुटपुटायची, आणि शेवटचा केस निघाला की मोठा सुस्कारा टाकून उठायची.

पासपोर्टाची वाट पाहून वैतागल्यावर कोणी तरी सांगितले की धुळ्याला दातांचे एक डॉक्टर आहेत, ते अमेरिकेत शिकून आलेत. मी दुसऱ्याच दिवशी निघालो. चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याच्या फाट्यावरची गाडी धरली आणि डब्यात जागा असून दारात उभा राहून गेलो. स्टेशनावर टांगेवाल्याला पत्ता विचारला तर तो म्हणाला, "दातसना डॉक्टर ना? बठ्ठास्ले माहीत शे. बसा भाऊ." मी बसलो, पण टांगा इतका रमतगमत चालला की निम्म्या वाटेत उतरून पायी गेलो.

डॉक्टर एका रोग्याच्या तोंडात हत्यार घालून उभे होते. मी आल्याचे कारण सांगितले तेव्हा त्यांनी काम न थांबवता बोलायला सुरुवात केली, आणि रोग्याला तोंड मिटता येत नसल्यामुळे आम्हा दोघांनाही ते सगळे ऐकावे लागले. बंदरावर अधिकारी विचारील, इथे नोकरी करणार का? शिकायला आलो एवढेच सांगायचे, उगाच कष्टाळूपणा दाखवायचा नाही. फळ, बियाणे, रोप, माती यांतले काही सामानात सापडता कामा नये, जप्त करतात. तुम्ही केळीवाले, कंद बांधून न्याल, म्हणून मुद्दाम सांगतो. (नानांनी खरोखरच दोन कंद पोत्यात बांधून तयार ठेवले होते.) विचारले तेवढेच उत्तर द्यायचे. आणि मग हत्यार बशीत ठेवून ते माझ्याकडे वळले.

"बाकी सगळे चुकले तरी चालते. डोळे चुकता कामा नयेत."

मला कळेना.

"तिथे उतरू देण्याआधी सरकारी डॉक्टर डोळे उलटून पाहतो. पापणी अशी वर उलटतो, बुटाची बटणे लावायचा आकडा असतो ना, त्याने. आत खुपऱ्यांचे दाणे दिसले तर आल्या बोटीने परत. पदवी नाही पाहत, पैसा नाही पाहत. माझ्याबरोबर एक पंजाबी होता, धडधाकट, दोन भाषा फाडफाड बोलणारा. त्याने न्यूयॉर्कच्या इमारती डेकवरून पाहिल्या, आणि तेवढेच पाहून तो परत गेला."

त्यांनी मला खिडकीशी नेऊन डोळे पाहिले, पण ते दातांचे डॉक्टर, त्यांना नक्की सांगता येईना. जळगावला डोळ्यांचा डॉक्टर आहे, त्याला दाखव, म्हणाले. "आणि निघेपर्यंत डोळ्यांत काही घालायचे नाही. काजळ नाही, सुरमा नाही. दुसऱ्याच्या पंचाने तोंड पुसायचे नाही."

परतीच्या गाडीत मी डोळे चोळायचेही टाळले. खिडकीतून कोळशाची धूळ येत होती आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

जळगावला अक्का माझ्याबरोबर आली. भावाला आगबोटीवर चढू द्यायचे की नाही हे कोणी डॉक्टर ठरवणार म्हटल्यावर तिला तो डॉक्टर पाहायचा होता. टांग्यात ती मला डॉक्टरशी कसे बोलायचे ते शिकवत होती, आणि मी 'हो, हो' म्हणत होतो.

डॉक्टर तरुण होता, हळू बोलणारा. त्याने माझ्या पापण्या बोटाने उलटल्या, भिंग लावले, पुन्हा पाहिले. "थोड्या जुन्या खुणा आहेत," तो म्हणाला. "ताजे काही नाही. अशाच राहिल्या तर अडचण नाही. निघण्याआधी पुन्हा दाखवा." मी उठून उभाच राहिलो, मला लगेच बाहेर जायचे होते. तेवढ्यात अक्का म्हणाली, "आले हाये तं माह्या बी पाहून घ्या ना. लई टोचतं."

त्याने तिची पापणी उलटली, भिंग लावले, दुसरीही उलटली. मग साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. ते पाहूनच माझ्या लक्षात आले.

त्याने विचारायला सुरुवात केली. किती वर्षे पाणी येते, केस कोण काढतो, पंचा वेगळा आहे का. अक्का मोकळेपणाने सांगत होती. काजळाचे तर तिने कौतुकानेच सांगितले, घरीच धरते, एरंडेलाचे, बाजारचे नाही, आणि भावाच्या डोळ्यांत लहानपणापासून मीच घालते. "आधी स्वतःच्या घालता, मग त्यांच्या?" त्याने विचारले. "हो ना. त्याच बोटानं," ती म्हणाली. दोनदा बोट भरले तर काजळ वाया जाते, हेही तिने त्याला सांगितले.

डॉक्टरने ते शांतपणे ऐकले. मग तो माझ्याकडे पाहून बोलायला लागला, पण आवाज तिला ऐकू जाईल एवढा होता. हा रोग हाताने, पंचाने, उशीने जातो. काजळाच्या बोटाने तर जातोच. तुम्ही आजवर वाचलात हे नशीब. निघेपर्यंत यांच्यापासून वेगळे राहा. केस तुम्ही काढू नका. यांना पापण्यांत मोरचूद लावून घ्यायला आठवड्याने आणा, आणि मुंबईच्या इस्पितळात पापणीची शस्त्रक्रिया होते, ती करून घ्या, नाही तर बुबुळे जातील.

अक्का खाली पाहत होती. "माह्यामुये?" एवढेच ती म्हणाली. डॉक्टरने तसे नाही, असे काहीतरी सांगितले. ती ऐकत नव्हती.

गाडीत ती माझ्या समोरच्या बाकावर, अगदी टोकाला जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेलो तर हात आडवा केला. मी म्हणालो, "अक्का, हे काय?" तर म्हणाली, "तठीच बस." जळगाव ते सावदा मी उठत होतो, दारात जात होतो, परत येत होतो, आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

त्या दिवसापासून आमच्या घराची रीत बदलली. माझा तांब्या वेगळा, पंचा वेगळ्या खुंटीवर, उशी वेगळ्या कोनाड्यात. काजळाची डबी तिने कुठे ठेवली ते दिसेना. भाकरी तीच करायची, पण ताट माझ्यासमोर ठेवून चार पावले मागे सरायची आणि मी हात धुऊन बसल्यावर भिंतीशी टेकून मला जेवताना पाहायची. आमच्याकडे बायका महिन्याचे काही दिवस अशा दूर बसत, त्याला कोणी हरकत घेत नसे. हे रोजचे दूर बसणे मात्र मला पाहवत नव्हते. मी तिच्यावर ओरडलो. डॉक्टरने वेगळा पंचा सांगितला होता, हे सोवळे सांगितले नव्हते, असे म्हणालो. मी जळगावला खोली घेऊन राहतो, तू घरात मोकळी वाग, असेही म्हणालो. ती म्हणाली, "तू जातोच हाये ना? मंग एवढे दिवस तरी समोर राह्य."

मोरचूद लावायला नाना तिला एकदा घेऊन गेले. ती परत आली तेव्हा दोन्ही डोळे सुजून लाल झाले होते. दुसऱ्या खेपेला ती गेली नाही. मुंबईच्या शस्त्रक्रियेचे काढले की म्हणायची, "भाऊले जाऊ द्या आधी."

आणि केस वाढत होते. त्यांना माझ्या अमेरिकेशी काही कर्तव्य नव्हते. मी उपटत असे तेव्हा दर पंधरवड्याला तिला आराम पडे. आता एक पंधरवडा गेला, दुसरा गेला. ती आरसा घेऊन स्वतःच काढायचा प्रयत्न करी, पण पाण्याने तिला चिमट्याचे टोकही दिसेना. शेजारच्या मुलीला बोलावतो म्हणालो, तर तिने मला असे झटकले की मी मागेच सरलो. "दुसऱ्याची पोर हाये ते. तिच्या डोयाले झालं म्हंजे?" डॉक्टरने सांगितलेले अख्ख्या घरात तिलाच सगळ्यांत नीट समजले होते. ती एका डोळ्यावर पदर दाबून चुलीपुढे बसायची आणि दुसऱ्याने भाकरी पाहायची. मी अंगणात फेऱ्या घालायचो. पासपोर्ट आला, बोटीचे तिकीट ठरले, आणि मला आनंद होत नव्हता याचाही राग यायचा. अमेरिकेचा राग यायचा, त्या आकड्याचा यायचा, काजळाचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त अक्काचा यायचा, की ही कण्हत का नाही.

एका दुपारी मला राहवले नाही. ती दारातल्या उन्हात बसली होती, नेहमीच्या जागी, पण पाट न घेता. मी कोनाड्यातला चिमटा घेतला, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, "डोके टेक. मी काढतो. नंतर हात साबणाने धुतो, दहा वेळा धुतो."

तिने माझ्या हातातला चिमटा पाहिला. क्षणभर तिला मोह झाला. मला तो तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला, मानही किंचित पुढे आली. मग तिने दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवले.

"नको."

"अक्का, एकच डोळा."

"तठी उलटून पाह्यतीन ना, बापा." ती भिंतीशीच बोलत होती. "मंग काढजो. येशीन तवा काढजो."

मी चिमटा कोनाड्यात ठेवला आणि तडक बागेत गेलो. संध्याकाळपर्यंत केळीच्या ओळींतून चालत राहिलो. नानांनी पाहिले, पण त्या दिवशी बाजाराचा वार विचारला नाही.

निघण्याच्या दिवशी सावदा स्टेशनावर निम्मे गाव होते. हार, नारळ, लाडवांचे डबे, कळण्याच्या भाकरीच्या पिठाची पिशवी. नानांनी कंदांचे पोते शेवटपर्यंत हातात ठेवले होते, आणि गाडी आल्यावर मुकाट्याने खाली ठेवले. सगळे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. अक्का पलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. आमच्याकडे परगावी जाणाऱ्याच्या कानामागे काजळाची तीट लावतात, दृष्ट लागू नये म्हणून. मला वाटले, निदान तेवढे तरी ती करील. ती आली, पण माझ्याजवळ नाही, माझ्या ट्रंकेजवळ. डबी इतके दिवस तिच्या कमरेलाच होती. तिने बोट भरले आणि ट्रंकेच्या कोपऱ्यावर, कुलपाच्या खाली, काजळाचा चांगला रुपयाएवढा ठिपका लावला. लोक हसले. मीही हसलो. गाडी हलली तेव्हा तिने दुरूनच दोन्ही हात माझ्या दिशेने ओवाळले आणि बोटे आपल्या कानशिलांवर मोडली. डोळे तिने मिटलेले होते. उन्हामुळे असेल, किंवा केसांमुळे.

बोटीत मी वाचलेल्या पुस्तकांबद्दल आणि बोट लागून काढलेल्या ओकाऱ्यांबद्दल लिहिण्यासारखे आहे, पण माझे मन तिकडे जात नाही. न्यूयॉर्कला बोट लागण्याआधी दुसऱ्या वर्गाच्या आम्हा प्रवाशांना जेवणघरात ओळीने उभे केले. डॉक्टर तांबूस मिशांचा होता, पेंगुळलेला. माझी पाळी आली. त्याने एक पापणी उलटली, दुसरी उलटली. जळजळले आणि संपले. त्याने मला बोटाने पुढे जा म्हणून खुणावले आणि माझ्यामागच्या माणसाकडे पाहिले. मी पुढे गेलो नाही. मला संताप आला होता. त्या माणसाला धरून म्हणावेसे वाटले की अरे, नीट पाहा, पुन्हा पाहा, हे डोळे स्वच्छ राहावेत म्हणून काय झाले आहे ते तुला माहीत नाही. मागच्याने मला ढकलले तेव्हा मी चालू लागलो. जकातीच्या माणसाने ट्रंकेवरच्या ठिपक्यावर बोट घासले, बोट काळे झाले, आणि तो बराच वेळ ते रुमालाला पुसत बसला. तिथे पोचल्यावर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

तीन वर्षे मी राहिलो. कापसाबद्दल शिकलो. तिथे केळी एकेक सुटी विकत घेता येतात हे नानांना कळवले. रविवारी पाय दुखेपर्यंत चालायचो. उन्हात एखादी बाई डोळ्यांवर हात धरून उभी दिसली की मला तिथे थांबवत नसे. घरून पत्रे यायची, अक्काची तब्येत बरी आहे असे नाना लिहायचे. मुंबईला नेले का, असे मी विचारायचो, त्याला उत्तर नसायचे.

परत आलो तेव्हा स्टेशनावर नाना होते, अक्का नव्हती. टांग्यात मी विचारले आणि त्यांनी सांगितले. तिने कोणालाही केस काढू दिले नव्हते. मुंबईला नेण्याचे दोनदा ठरले आणि दोनदा शेतातल्या कामाने राहिले. एक डोळा गेल्या उन्हाळ्यात गेला, दुसऱ्याने आता फक्त ऊन आणि सावली कळते. मी नानांवर ओरडणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून मी टांगा थांबवायला सांगितला. टांग्यातून उतरून मी पळतच घरी गेलो.

ती दारातल्या उन्हात बसली होती. माझी पावले तिने ओळखली. हात पुढे केले, आणि मी जवळ गेल्यावर एकदम मागे घेतले.

"भाऊ, तुले आता पुन्हा कुठी जायाचं हाये का?"

"नाही, अक्का."

"तठी डोये दाखवा लागनार नाही ना पुन्हा?"

"नाही. कुठेच नाही."

मग तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी, सगळीकडून, आणि बोटे कानशिलांवर कडाकडा मोडली. हाताने चाचपून तिने पाट ओढला. पदराच्या गाठीतून चिमटा काढून माझ्या हातात दिला आणि डोके पाटावर टेकून पडली. दिसत नसले तरी टोचत होतेच. डोळे पांढरे झाले होते आणि केस त्यांवर सगळीकडून आत वळलेले होते, तीन वर्षांचे.

नाना सामान घेऊन आले, शेजारपाजारचे गोळा झाले, कोणी अमेरिकेचे विचारू लागले. मी मान वर केली नाही.

"हालू नको, बापा," ती म्हणाली.

मी हललो नाही. ऊन दारातून सरेपर्यंत मी तिथेच बसलो होतो.